पार्ट सगळे भारी, पण जुळतात का?

निकाल, इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड किंवा दिवाळीचा सेल, यांतलं काहीही आलं की कॉलेजच्या ग्रुपवर याद्या फिरायला लागतात. ‘ही बिल्ड बघ ना, चालेल का?’ खाली सहा-सात ओळी, शेवटी एकूण रकमेचा आकडा आणि हात जोडलेला इमोजी. अशीच एक नमुनेदार यादी बघा: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, एक टीबीची एसएसडी, कुठल्याशा नावाचा ‘५०० वॅट’ एसएमपीएस आणि समोर काच, आत रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट.

वरवर पाहिलं तर काय वाईट आहे? प्रोसेसर आणि कार्ड, दोघांचीही यूट्यूबवर तारीफ होते. बोर्डही चांगला. पण ही यादी जशीच्या तशी विकत घेतली तर पीसी चालू होणं सोडाच, तो जोडताही येणार नाही. ५६०० हा एएम४ सॉकेटचा प्रोसेसर. त्याच्या पोटाखाली १३३१ बारीक पिना असतात. बी६५० बोर्ड एएम५ सॉकेटचा. त्यात पिना प्रोसेसरला नसतातच, बोर्डवर १७१८ संपर्कबिंदू असतात. शिवाय एएम५ बोर्डवर फक्त डीडीआर५ रॅम बसते, त्यामुळे यादीतली रॅमही बाद. स्थळ चांगलं, घराणं चांगलं, पण पत्रिकाच जुळेना, असा प्रकार.

लॅपटॉप घेताना हा प्रश्न येत नाही, कारण जुळवाजुळव कंपनीने आधीच केलेली असते. असेंबल्ड पीसीत ती जबाबदारी तुमची. आणि चूक स्वस्त नसते. फोडलेल्या बॉक्समधला मदरबोर्ड परत घ्यायला दुकानदार सहसा तयार नसतो. ऑनलाइन घेतला तर कित्येकदा ‘फक्त रिप्लेसमेंट’ असा नियम असतो, म्हणजे न बसणाऱ्या बोर्डच्या बदल्यात तोच न बसणारा बोर्ड पुन्हा. घरी ‘अभ्यासाला लागतो’ म्हणून महिनाभर पटवून मिळवलेल्या पैशांचं काय झालं, हे मग बाबांना समजावत बसा.

किमती मी इथे मुद्दामच देत नाही. रॅम आणि कार्डांचे भाव इतके हलतात की हे पान छापून तुमच्या हाती येईपर्यंत आकडा शिळा होईल. जुळणीचे नियम मात्र भावासारखे रोज बदलत नाहीत.

आधी स्क्रीन, मग बाकीचं

यादी लिहायला बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मला विचाराल तर सुरुवात मॉनिटरपासून करा. घरात १०८०पी, ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर पडून असेल आणि तोच वापरायचा असेल, तर तुमचं कार्ड सेकंदाला दोनशे फ्रेम काढो नाहीतर तीनशे, डोळ्यांपर्यंत ६०च पोहोचणार. मग महागडं कार्ड घेण्यापेक्षा मधलं कार्ड आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर हा सौदा कितीतरी बरा.

दुसरा प्रश्न, खेळणार काय? व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे स्पर्धात्मक गेम १०८०पीवर खेळताना बहुतेक भार प्रोसेसरवर येतो. सायबरपंक २०७७ सारखा गेम मोठ्या रिझोल्यूशनवर, सगळी सेटिंग चढवून खेळायचा असेल तर घाम कार्डाला फुटतो. म्हणूनच ‘या प्रोसेसरला हे कार्ड बॉटलनेक होईल का?’ या प्रश्नाला एका टक्क्यात उत्तर देणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर मी मनावर घेत नाही. तीच जोडी एका गेममध्ये प्रोसेसरपाशी अडते आणि दुसऱ्यात कार्डापाशी.

आणि ‘अभ्यासाला लागतो’ हे खरं असेल, तर तेही यादीत धरा. मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करणाऱ्याला एनव्हीडियाचं कार्ड सोपं जातं, कारण शिकवणीतलं आणि ग्रंथालयांमधलं बरंचसं कोड क्यूडा गृहीत धरून लिहिलेलं असतं. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला रॅम जास्त लागते. नुसतंच गेमिंग असेल तर एएमडीचं कार्ड कित्येकदा त्याच पैशांत जास्त फ्रेम देऊन जातं. कार्ड ठरलं, की त्याला साजेसा प्रोसेसर, आणि प्रोसेसर ठरला की बोर्ड. याच क्रमाने गेलात तर निम्मी डोकेदुखी कमी.

भोक तेच, पण आत शिरेना

सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसरची बैठक. नाव जुळलं की काम झालं असं वाटतं, आणि खरी फसगत तिथेच होते.

इंटेलचं एलजीए ११५१ हे सॉकेट त्याचं उत्तम उदाहरण. २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर ते आलं, सातव्या पिढीलाही चाललं. २०१७ च्या अखेरीस आठवी पिढी आली, तीही ११५१ संपर्कबिंदूंचीच. प्रोसेसर जुन्या बोर्डात व्यवस्थित बसायचा. फक्त चालायचा नाही. आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेटच लागत होता. आजही जुन्या बाजारात ‘११५१ चा बोर्ड आहे, घेऊन जा’ असं कुणी म्हणालं, तर पुढचा प्रश्न ‘चिपसेट कोणता?’ हाच असला पाहिजे.

एएमडीची गोष्ट उलटी. एएम४ वर २०१७ मध्ये पहिले रायझन आले आणि त्याच सॉकेटवर २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला. पण हेही अगदी सुखासुखी झालं नाही. २०२० मध्ये कंपनीने आधी सांगितलं, की रायझन ५००० मालिका बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर चालणार नाही. ग्राहकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. त्या ओरडणाऱ्यांचे आभार मानायला हवेत, कारण आज आपल्याकडे कित्येक जण जुन्या बी४५० वर रायझन ५००० टाकून मजेत खेळताहेत.

पण त्यासाठी बोर्डचा बायोस अपडेट झालेला हवा. बायोस हा बोर्डमधला मूळ प्रोग्राम. पीसी सुरू झाल्यावर तो आधी प्रोसेसरला ओळखतो, मग पुढचं सगळं. बोर्ड प्रोसेसरच्या आधी बनलेला असेल, तर तो नव्या पाहुण्याला ओळखत नाही आणि स्क्रीन काळी. बायोस अपडेट करायला चालू पीसी हवा, आणि पीसी चालू व्हायला बायोस अपडेट हवा, असा हा पेच. बी४५० आला २०१८ मध्ये, बी५५० जून २०२० मध्ये आणि रायझन ५००० त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे दुकानाच्या फळीवर पडून राहिलेला बोर्ड कधी बनलाय, यावर सगळं अवलंबून. एएम५ वरही हेच: बी६५० बोर्ड रायझन ९००० च्या आधीचे आहेत.

यातून सुटायचे मार्ग साधे आहेत. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलची ‘सीपीयू सपोर्ट’ यादी असते. त्यात तुमचा प्रोसेसर आणि त्यासमोर किमान बायोस व्हर्जन दिलेलं असतं. दुकानदाराला तेच विचारा आणि ‘बायोस अपडेट करूनच द्या’ म्हणा. किंवा मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या. पेनड्राइव्ह लावायचा, बटण दाबायचं. प्रोसेसर नसला तरी काम होतं. ‘सेल’मध्ये दोन बोर्ड सारख्याच किमतीला दिसत असतील तर मी या बटणासाठी रंगीत दिवे सोडून देईन.

चिपसेटची अक्षरंही वाचायला शिका. इंटेलमध्ये एच६१० सारखे बोर्ड स्वस्त, पण सोयी मोजक्या. बी मालिका मधली. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा तर झेड मालिका आणि नावामागे ‘के’ लागलेला प्रोसेसर, दोन्ही हवेत. नुसता ‘के’वाला प्रोसेसर घेऊन तो एच६१० वर बसवणं म्हणजे घाटात नेण्यासाठी स्पोर्ट्स बाइक घ्यायची आणि सोसायटीच्या आवारात फिरवायची. एएमडीच्या बी बोर्डांवर ओव्हरक्लॉकिंग चालतं, ए मालिकेवर नाही.

तर वरच्या यादीचं काय करायचं? दोन रस्ते आहेत. ५६०० ठेवायचा असेल तर बोर्ड बी५५० घ्या, डीडीआर४ रॅम तशीच चालेल. बी६५० ठेवायचा असेल तर प्रोसेसर रायझन ५ ७६०० आणि रॅम डीडीआर५. पहिला रस्ता सहसा स्वस्त, पण एएम४ वर आता पुढे जायला फारशी जागा उरलेली नाही. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय. पदवीची चार वर्षं हाच पीसी चालवून मध्ये एकदा प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर दुसरा. हातात पैसे मोजकेच असतील, तर पहिला घ्यायला लाजू नका.

दर महिन्याला एक पार्ट?

कॉलेजच्या मुलांमध्ये एक पद्धत हमखास दिसते. स्टायपेंड किंवा पॉकेटमनी साठवून या महिन्यात प्रोसेसर, पुढच्या महिन्यात बोर्ड, मग रॅम, आणि सहा महिन्यांनी एकदाचं कार्ड. कल्पना गोड आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांची असते आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालू होते. जानेवारीत घेतलेला बोर्ड मुळातच मेलेला होता, हे तुम्हाला जूनमध्ये कळतं. तेव्हा दुकानदार सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवणार, आणि तुम्ही परीक्षेच्या आधी तिथल्या रांगेत.

त्यात भर म्हणजे रायझन ५ ५६०० मध्ये चित्र दाखवण्याची सोयच नाही. म्हणजे ग्राफिक कार्ड येईपर्यंत प्रोसेसर, बोर्ड, रॅम यांतलं काहीच नीट तपासता येत नाही. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असलं, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, की तिथेही हीच गत. तोच आय५-१२४०० ‘एफ’ शिवाय घेतला तर आत साधं ग्राफिक असतं. रायझन ७६०० मध्येही ते असतं. गेमिंगच्या नावाने बोंब, पण पीसी चालू होतो, असाइनमेंट टाइप होते, आणि मुख्य म्हणजे सगळे पार्ट ठणठणीत आहेत हे मुदतीच्या आत कळतं. कार्ड नंतर.

ज्यांना कार्ड वर्षभर तरी घेता येणार नाही, त्यांना दुकानात ५६००जी सुचवला जातो. त्याचं आतलं ग्राफिक व्हॅलोरंट, जीटीए ५ अशा गेमना बऱ्यापैकी पुरतं. नाव ५६०० सारखंच असलं तरी हा त्याचा नुसता ‘ग्राफिकवाला भाऊ’ नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. त्याची एल३ कॅशे १६ एमबी, तर ५६०० ची ३२. आणि कार्डाशी बोलण्याचा त्याचा रस्ता पीसीआयई ३ च्या वेगाचा, तर ५६०० चा पीसीआयई ४ चा.

हा रस्ता कधी महत्त्वाचा ठरतो? बहुतेक वेळा नाही. पण २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड बघा. पूर्ण रुंदीच्या १६ लेनऐवजी त्याला चारच लेन दिलेल्या आहेत. पीसीआयई ४ वर चार लेन कशाबशा पुरतात. पीसीआयई ३ च्या बोर्डवर किंवा ५६००जी बरोबर लावलं, की तेच कार्ड कित्येक गेममध्ये ठळकपणे मागे पडतं. स्वस्त कार्ड जुन्या पीसीत टाकणाऱ्यांसाठीच विकलं जातं आणि जुन्या पीसीतच लंगडतं, याला काय म्हणावं! आरटीएक्स ४०६० ला आठ लेन आहेत, त्यामुळे जुन्या बोर्डवर त्याचं फारसं बिघडत नाही.

रॅम आणि एसएसडी, पटकन

डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना. पण मधली खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावू नका, पट्टी नाही तर स्लॉट तुटेल. इंटेलच्या बारावी ते चौदाव्या पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात. बोर्डच्या नावामागे डी४ किंवा डीडीआर४ असं शेपूट आहे का, ते बघूनच रॅम घ्या.

१६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला दोन रस्त्यांनी डेटा मिळतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिकवर खेळणाऱ्याला तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा. ६००० ची रॅम घेऊन ती ४८०० वर पळवणारे कितीतरी जण आहेत, त्यांना पत्ताच नसतो.

एसएसडीचं एवढंच, की एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. त्याच आकारात साटा एसएसडीही येते, सेकंदाला साधारण ५५० एमबीची, आणि एनव्हीएमईही येते, साडेतीन हजार किंवा त्याहून पुढची. काही बोर्डांच्या एम.२ स्लॉटला फक्त एनव्हीएमई चालते. काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. जुनी हार्ड डिस्क लावायची असेल तर मॅन्युअलचं ते एक पान वाचा.

एसएमपीएसवर काटकसर नको

यादीत सगळ्यात शेवटी लिहिला जाणारा आणि बजेट संपलं की सगळ्यात आधी कापला जाणारा पार्ट म्हणजे एसएमपीएस. गेममध्ये याच्यामुळे एकही फ्रेम वाढत नाही, म्हणून कुणाला त्याचं कौतुक नसतं. पण तो गेला तर एकटा जाईलच असं नाही.

हिशेब करून बघू. ग्राफिक कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. बोर्डवरच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट, सहा पिनांच्या वायरीतून ७५ आणि आठ पिनांच्या वायरीतून १५०. आरटीएक्स ४०६० ची भूक ११५ वॅटची, म्हणून बहुतेक मॉडेलांना आठ पिनांची एक वायर पुरते. ५६०० चे ऐंशीच्या आसपास, बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून आणखी पन्नासेक धरा. झाले अडीचशेच्या आत. मग एनव्हीडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा सप्लाय का सुचवते? एक तर कार्डाची मागणी क्षणभरासाठी नेहमीपेक्षा बरीच वर उसळते. दुसरं म्हणजे तुमच्याकडे कुठला सप्लाय आहे हे कंपनीला माहीत नसतं.

आणि तीच तर गोम आहे. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘५०० वॅट’ लिहिलेलं असतं. तो आकडा सोडा. सप्लायच्या अंगावरचा स्टिकर बघा. त्यावर +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर लिहिलेले असतात. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. तिथे ३० अँपिअर असतील तर १२ गुणिले ३०, म्हणजे कामाचे ३६० वॅट. १८ च असतील तर २१६. मग ५०० कुठून आले, हे त्या छापणाऱ्यालाच ठाऊक. ज्या सप्लायवर हा रकानाच नाही, तो मी फुकट मिळाला तरी लावणार नाही.

८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड ही चिन्हं वीज किती वाया जाते ते सांगतात. अर्ध्या भारावर ब्राँझ साधारण ८५ टक्के, गोल्ड ९० च्या आसपास. बांधणी किती मजबूत, शॉर्ट झालं तर स्वतःला बंद करतो की नाही, हे त्या चिन्हात नसतं. त्यासाठी त्या मॉडेलचा रिव्ह्यू वाचावा लागतो. नुसता ब्रँड नाही, मॉडेल. एकाच कंपनीचे चांगले आणि वाईट, दोन्ही सप्लाय बाजारात असतात.

वायरींबद्दल दोन गोष्टी. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला बहिणी वाटतात, पण आतली जोडणी वेगळी. पहिली चार-चार अशी सुटते, दुसरी सहा-दोन. दुसरं म्हणजे, मॉड्युलर सप्लायच्या सुट्या वायरी मित्राकडून उसन्या आणू नका. सप्लायकडच्या टोकाला कुठली पिन कशाची, याचा समान नियम नाही. वायर आरामात बसेल आणि १२ व्होल्ट थेट तुमच्या हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी जातील.

घरच्या विजेचाही हिशेब यातच येतो. गावाकडे लाइटचा भरवसा नाही म्हणून यूपीएस घेतला जातो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. गेम चालू असताना मॉनिटरसकट त्यावर टाकला तर सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळेल, मॅच पूर्ण होणार नाही. स्वस्त यूपीएस विजेची खरी लाट न देता पायऱ्यापायऱ्यांची देतात आणि काही चांगल्या, ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’ असलेल्या सप्लायना ती रुचत नाही. लाइट गेली की यूपीएस टूं करतो आणि पीसी तरीही धाडकन बंद पडतो, त्याचं एक कारण हे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर पीसीत बिघाड शोधू नका, आधी प्लगाचं अर्थिंग तपासून घ्या. भाड्याच्या खोल्यांमध्ये तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायर असेलच असं नाही.

टेप घ्या, मोजा

कॅबिनेट फोटो बघून घेतलं जातं. घ्यायचं मात्र मिलिमीटरमध्ये. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या घरात छोटा बोर्ड राहतो, उलट होत नाही. ‘कार्ड ३३० मिमीपर्यंत’ असं लिहिलं असेल आणि तुम्ही पुढे लिक्विड कूलरचा रेडिएटर लावणार असाल, तर रेडिएटरचे साधारण २७ आणि पंख्याचे २५ वजा करा. उरले २७८. तीन पंख्यांचं कार्ड कित्येकदा ३०० च्या वर असतं. उंच एअर कूलर घेणार असाल तर त्याचीही उंची बघा. १६० मिमीच्या आसपासचा कूलर अरुंद कॅबिनेटमध्ये ठेवला की बाजूची काच बंद होत नाही.

समोर सलग काच असलेली कॅबिनेट इन्स्टावर छान दिसतात. पण हवा आत यायची कुठून? मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीचंच तापमान चाळिशीच्या वर असतं. कुठलाही पंखा आतल्या पार्टला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तिथे समोर जाळी असलेलं, दिसायला साधं कॅबिनेट घ्या आणि जाळी महिन्यातून एकदा धुवा.

दिव्यांचा हौशी भाग उरला. बोर्डवर आरजीबीसाठी दोन प्रकारची जागा असते: चार पिनांची १२ व्होल्टची आणि तीन पिनांची ५ व्होल्टची. पाच व्होल्टची पट्टी जोर लावून बाराच्या जागी बसवली, तर दिवे एकदाच आणि शेवटचे चमकतात.

दुकानात

यादी पक्की झाली की पीसीपार्टपिकरसारख्या साइटवर एकदा टाकून बघा. सॉकेट, लांबी, वॅट यांची ढोबळ चूक ती पकडते. मग बाजार. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत गाठता येणारा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आजही बघण्यासारखा आहे. मात्र तिथे ‘तो पीस संपलाय, त्याच्यापेक्षा भारी देतो’ हे वाक्य ऐकू येणारच. ‘भारी’ असेलही. पण एक पार्ट बदलला की त्याच्याशी जोडलेले सगळे पुन्हा तपासायचे. काउंटरवर उभं राहून, फोन काढून, निवांतपणे. मागे रांग असली तरी. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय वाचलेले पैसे वॉरंटीच्या वेळी महाग पडतात.

जुनं कार्ड घेणार असाल तर थोडा इतिहास माहीत असू द्या. २०२१ च्या सुमारास ईथर काढण्यासाठी कार्डं रात्रंदिवस राबवली जात होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धत बंद केली आणि ती कार्डं बाजारात आली. सगळीच वाईट असतात असं नाही. पण पंखे, थर्मल पेस्ट यांची झीज झालेली असते. समोर लावून, वीस मिनिटं जड गेम चालवून, तापमान बघूनच पैसे द्या. ‘टेस्टिंग होणार नाही’ म्हणाला की चहा पिऊन परत.

जोडणी दुकानात करून घेतलीत तरी पहिल्यांदा चालू करताना तिथेच थांबा. घरी आल्यावर मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डात लावा, वरच्या बोर्डवरच्या भोकात नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा, कारण ते आपणहून ६० वरच बसून राहतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळणार असाल तर बायोसमध्ये टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू हवेत, नाहीतर गेम उघडणारच नाही.

आणि एएम५ वर डीडीआर५ रॅम लावून पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हा पंखे फिरतील, दिवे लागतील आणि स्क्रीन काळीच राहील. बोर्ड त्या वेळी रॅमची ओळख करून घेत असतो आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. प्लग ओढू नका, रॅम उपसू नका, ग्रुपवर ‘भाई, डिस्प्ले येत नाहीये’ टाकू नका. बोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतील तर तिकडे बघत बसा. दहा-पंधरा मिनिटांनंतरही त्यातला एकच दिवा पेटून राहिला, तर कुठे बघायचं ते त्याच्याच नावात लिहिलेलं आहे.